जखम सैनिकाची, मग पुरावाही त्यानेच आणायचा?

‘खरा शूर माणूस पदक मागत फिरत नाही.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. एखादा म्हातारा माजी सैनिक चाळीस-पन्नास वर्षांनी आपल्या जुन्या जखमेची दखल घ्या म्हणून सरकारकडे अर्ज करतो. त्याची छोटीशी बातमी आतल्या पानावर येते आणि चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲपच्या ग्रुपपर्यंत हे वाक्य फिरू लागतं. जोडीला दोन प्रश्न ठरलेले असतात. इतकी वर्षं कुठे होता? आणि आता या वयात पदक घेऊन करणार काय?

ही तिन्ही वाक्यं ऐकायला शहाणपणाची वाटतात. मला ती फक्त सोयीची वाटतात. तिन्हींत चौकशी होते ती सैनिकाची. ज्यांच्या हातात पेन होतं, रजिस्टर होतं, शिक्का होता, त्यांना कुणी काही विचारत नाही. गोळी लागली तेव्हा ती नोंदवायचं काम कुणाचं होतं? ते काम झालं नसेल तर त्याचा भुर्दंड जखमी माणसाने का भरायचा? या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे.

आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण बहुतेक वाद त्यातल्या गोंधळातून होतात. शौर्यपदक वेगळं आणि जखमेचं पदक वेगळं. शौर्यपदकासाठी कुणीतरी वरिष्ठाने शिफारस करावी लागते, पराक्रम तोलावा लागतो, समिती बसते. त्यात सरकारच्या निर्णयाला जागा आहे. जखमेच्या पदकाचं तसं नाही. अमेरिकेत त्याला ‘पर्पल हार्ट’ म्हणतात. आपल्याकडे त्याचं नाव ‘पराक्रम पदक’, इंग्रजीत मात्र ते सरळ ‘वुंड मेडल’, म्हणजे जखमेचं पदक आहे. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला ते मिळतं. इथे कोण किती शूर, हे मोजायचं नसतं. जखम झाली की नाही आणि ती शत्रूमुळे झाली की नाही, एवढाच प्रश्न असतो. थोडक्यात, हे पदक म्हणजे पोच आहे. देशासाठी तुझं रक्त सांडलं ते आमच्यापर्यंत पोहोचलं, याची पावती. आणि पावती मागणाऱ्याला लाचार म्हणायची रीत तर आपल्या किराणा दुकानातही नाही.

ही पावती हरवते कशी आणि कुणाची हरवते, हे समजायला मी एक परदेशातलं उदाहरण घेतो. ते जुनं आहे, त्याची बरीच कागदपत्रं आता उजेडात आली आहेत, आणि त्याच्यावर आपल्या रोजच्या राजकारणाचा धुरळा नाही.

हेन्री जॉन्सन हा अमेरिकेतल्या अल्बनी शहरातल्या रेल्वे स्टेशनवर सामान वाहणारा कृष्णवर्णीय तरुण. जून १९१७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांच्या पलटणीत भरती झाला. हीच पलटण पुढे ३६९वी इन्फंट्री झाली. ‘हार्लेम हेलफायटर्स’ या टोपणनावाने ती ओळखली जाते. गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने काळ्यांनी लढावं, हे त्या काळच्या अमेरिकी लष्कराला रुचत नव्हतं. म्हणून ही पलटण फ्रेंच सैन्याच्या हाताखाली देऊन टाकली गेली. माणसं अमेरिकेची, हेल्मेट आणि रायफली फ्रान्सच्या.

१९१८ च्या मे महिन्यातली १४ आणि १५ तारखेमधली रात्र. फ्रान्समध्ये आर्गोनच्या जंगलालगत जॉन्सन आणि त्याचा कोवळ्या वयाचा सहकारी नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर होते. किमान बारा जर्मन सैनिकांची टोळी चालून आली. रॉबर्ट्स गंभीर जखमी झाला. जॉन्सनची रायफल अडकली, तेव्हा त्याने तिचाच सोट्यासारखा वापर केला आणि शेवटी नुसत्या सुऱ्याने लढला. जर्मन रॉबर्ट्सला ओढून नेत होते, त्याला त्याने सोडवलं. त्या रात्री जॉन्सनच्या अंगावर एकवीस जखमा झाल्या. फ्रान्सने दोघांनाही ‘क्रुआ द गेर’ हे आपलं युद्धपदक दिलं.

आणि त्याच्या स्वतःच्या देशाने? काही नाही. सेवामुक्तीच्या कागदावर त्याच्या जखमांचा उल्लेखसुद्धा नव्हता. डाव्या पायाची हाडं पार मोडली होती, धातूच्या पट्टीने तो पाय कसाबसा जोडलेला होता. स्टेशनवर सामान वाहणाऱ्या माणसाचा पाय गेला म्हणजे पोट गेलं. पण कागदाच्या हिशेबाने हा माणूस धडधाकट घरी आला होता.

सरकारला त्याचं नाव माहीत नव्हतं, असं मात्र कुणी समजू नये. चांगलंच माहीत होतं. फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरून ही पलटण मिरवत गेली, तेव्हा जॉन्सन उघड्या मोटारीत होता. युद्धासाठी बचतीची तिकिटं खपवायला त्याच्या नावाची जाहिरात केली गेली. सैनिक भरतीसाठी त्याचा चेहरा वापरला गेला. म्हणजे तिकिटं विकायला तो वीर होता. जखमांचा रकाना भरायची वेळ आली तेव्हा मात्र तो कुणीच नव्हता. मार्च १९१९ मध्ये सेंट लुईस शहरातल्या एका सभेत त्याने गोऱ्या सैनिकांनी आपल्याला कसं वागवलं, ते उघडपणे सांगितलं. त्यानंतर त्याला भाषणांची आमंत्रणं येणं थांबलं. जुलै १९२९ मध्ये, अजून चाळिशीही गाठली नव्हती, तेव्हा तो वारला.

आता तारखा पाहा. पर्पल हार्ट हे पदक आजच्या रूपात अमेरिकेने १९३२ साली सुरू केलं. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांनाही ते मिळू शकत होतं, पण त्यांनी स्वतः अर्ज करायचा होता. जॉन्सन तीन वर्षांपूर्वीच कबरीत गेला होता. मेलेला माणूस अर्ज कसा करणार? पर्पल हार्ट त्याला मिळालं १९९६ मध्ये. डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस २००२ मध्ये. आणि सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, २ जून २०१५ रोजी, लढाईनंतर सत्त्याण्णव वर्षांनी. व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ते पदक पुढे केलं, तेव्हा ते घ्यायला त्याच्या रक्ताचा एकही माणूस नव्हता. न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका ज्येष्ठ सार्जंटने ते स्वीकारलं.

या गोष्टीत एक बारकावा आहे आणि माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. मेडल ऑफ ऑनरसाठी जो नवा पुरावा मिळाला, तो कुठून आला? सिनेटर चक शुमर यांच्या कार्यालयाने जुनी कागदपत्रं धुंडाळली, तेव्हा युरोपातल्या अमेरिकी फौजेचे सेनापती जनरल पर्शिंग यांचं मे १९१८ चं निवेदन सापडलं. लढाईनंतर आठवड्याच्या आत लिहिलेलं आणि त्या रात्रीची हकिकत सांगणारं. म्हणजे पुरावा जॉन्सनच्या घरच्या ट्रंकेत हरवला नव्हता. तो सरकारच्याच दप्तरात पडून होता. ज्याच्या कपाटात कागद, तोच समोरच्याला विचारत होता, ‘कागद कुठे आहे?’

कुणी म्हणेल, एखादी फाइल हरवते, त्याचं एवढं काय? एक फाइल हरवली तर मीही अपघातच म्हणेन. पण ठरावीक माणसांच्याच फाइली हरवत असतील तर? फ्रेडी स्टोवर्स हा दुसरा कृष्णवर्णीय सैनिक सप्टेंबर १९१८ मध्ये लढताना मारला गेला. मेडल ऑफ ऑनरसाठी त्याची शिफारस झालेली होती, पण तिच्यावर पुढे काही कारवाईच झाली नाही. ते पदक १९९१ मध्ये त्याच्या बहिणींच्या हातात पडलं. दुसऱ्या महायुद्धात लाखो कृष्णवर्णीय अमेरिकन लढले, त्यांपैकी एकालाही त्या काळात हे पदक मिळालं नाही. चूक सुधारायची म्हणून जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना दिलं, तेव्हा त्यांतला एकटा व्हर्नन बेकर हयात होता. पॅरिस डेव्हिस हा अधिकारी जून १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये स्वतः जखमी असताना साथीदारांना वाचवत राहिला. त्याच्या शिफारशीची फाइल हरवली. पुन्हा करायला सांगितली गेली, तीही हरवली. मार्च २०२३ मध्ये त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं, तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता. ही सगळी शौर्यपदकं आहेत, जखमेची नव्हेत, हे मला कळतं. पण कागद हरवायची तऱ्हा तीच आहे. फाइलीला डोळे नसतात, पण ती हाताळणाऱ्याला असतात.

इथे एक गोष्ट आपल्या, म्हणजे मुस्लिम वाचकांच्या, कामाची आहे. जुलै १९१८ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या मोठ्या कृष्णवर्णीय विचारवंताने आपल्या ‘द क्रायसिस’ मासिकात लिहिलं की, युद्ध संपेपर्यंत आपण आपली खास गाऱ्हाणी बाजूला ठेवू आणि गोऱ्या देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावू. त्यामागे आशा होती की, रक्त सांडलं की बरोबरीचा हक्क मिळेल. त्याच्याच समाजातून त्याच्यावर टीका झाली. युद्ध संपलं आणि १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागो, वॉशिंग्टन यांसारख्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. फ्रान्सहून परतलेले सैनिकही त्यातून सुटले नाहीत. निष्ठेचं प्रमाणपत्र म्हणून दाखवलेलं रक्त त्या प्रमाणपत्राच्या कामी आलं नाही.

आपणही नेमकं हेच करतो. कुणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की आपण तत्काळ वीर अब्दुल हमीद यांचं नाव घेतो. खेमकरणच्या आघाडीवर सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानी रणगाडे उडवताना ते शहीद झाले. त्यांचं नाव घेताना छाती भरून येते, माझीही येते. पण हे नाव आपण कशासाठी वापरतो? वादात पुढे टाकायचं हुकमाचं पान म्हणून. सव्वीस जानेवारीच्या भाषणात, फेसबुकच्या भांडणात, टीव्हीवरच्या चर्चेत. परमवीरचक्र हे त्या माणसाच्या कर्तबगारीचं मोल आहे. ते माझ्या किंवा तुमच्या निष्ठेचा दाखला कसं होईल? दाखला मागणाऱ्याला दाखला दिला की त्याचा मागण्याचा हक्क आपण मान्य केला, हे आपल्या लक्षात येत नाही. अमेरिकेने जॉन्सनला जाहिरातीवर लावलं आणि त्याच्या जखमा विसरली. आपण आपल्या शहिदांना वादाच्या ढालीवर लावतो आणि आपल्याच मोहल्ल्यात लंगडत मशिदीला जाणारा जिवंत माजी सैनिक आपल्याला आठवत नाही.

अब्दुल हमीद यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १० सप्टेंबरला ते लढले आणि आठवड्याच्या आत त्यांना परमवीरचक्र जाहीर झालं. युद्ध अजून चालू होतं. म्हणजे सरकारी यंत्रणा मुळातच संथ असते, तिला वेळ लागतोच, ही सबब खरी नाही. मनात आणलं की तोफांच्या आवाजातसुद्धा कागद हलतो. आणखी एक सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. आपल्याकडे पदकं धर्म पाहून दिली जातात असं मी म्हणत नाही. आपल्याकडे जखमी सैनिकाचा कागद अडतो तो बहुधा गरिबीमुळे, कमी शिक्षणामुळे आणि साहेबापर्यंत पोहोच नसल्यामुळे. त्यात हिंदू, मुसलमान, शीख, सगळ्याच जवानांचे कागद अडकतात.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. मोहल्ल्यात मराठी शिकवणारा मास्तर म्हणजे फुकटचा अर्जनवीस. रेशनकार्डापासून वारसा हक्कापर्यंतचे अर्ज माझ्याकडे येतात आणि त्यांतले अर्धे एकाच रोगाचे असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत नाव लिहिलेलं असतं. ‘शेख’चं ‘शेक’ होतं, जन्मतारीख एक जून पडते, बापाचं नाव आडनावाच्या जागी जातं. लिहिणारा कधीच निवृत्त झालेला असतो. आणि साठीला आलेला माणूस प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि दोन साक्षीदार घेऊन सिद्ध करत फिरतो की, मी तो मीच आहे. चूक लिहिणाऱ्याची असते, वणवण मात्र ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या वाट्याला येते.

आमच्या भागात एकाहत्तरच्या लढाईत जखमी झालेले एक चाचा होते. मांडीत तोफगोळ्याचा छर्रा, थंडीत पाय वाकवता येत नसे. त्यांच्यासाठी मी तीन अर्ज लिहिले. डिस्चार्ज बुकात जखमेची ओळ होती, पण ती शत्रूच्या माऱ्यात झाली असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. शिवाय नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं. एका कार्यालयातून उत्तर आलं की, जखम शत्रूच्या कारवाईतच झाल्याचा पुरावा जोडावा. चाचा म्हणाले, ‘‘मास्टर, पैसे नको बोल उनको. बस इतना लिख के देव, के ये पाँव लडाई में गया.’’ त्यांना पदकाची हौस नव्हती. नातवंडं विचारायची, दादा का लंगडतात, आणि त्यांना दाखवायला कागद नव्हता, एवढंच. पुरावा जोडावा म्हणजे नेमकं काय जोडायचं? छर्रा मांडीत आहे, एक्स-रेत दिसतो. लढाई झाली, इतिहासात आहे. ते त्या वेळी कोणत्या तुकडीत, कुठे होते, हे लष्कराच्या दप्तरात आहे. या तिन्ही गोष्टी जुळवायला सरकारला किती श्रम पडले असते? ते श्रम सत्तरी ओलांडलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाकडून अपेक्षित होते.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. पदकांचा निर्णय कोर्टात सहसा लागत नाही, पण त्याच्या शेजारचा, अपंगत्व पेन्शनचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा तपासला आहे. २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने जे तत्त्व सांगितलं, ते माझ्या मते प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. भरती करताना जवानाच्या प्रकृतीत दोष नोंदवलेला नसेल, तर तो धडधाकट आला होता असं धरायचं. पुढे अपंगत्व आलं आणि ते सेवेमुळे नाही असं सरकारला म्हणायचं असेल, तर ते सरकारने सिद्ध करायचं. शंका राहिली तर तिचा फायदा जवानाला. तो खटला आजाराचा होता, गोळीचा नव्हता. पण पुराव्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर, या प्रश्नाचं उत्तर त्यात स्वच्छ आहे. आजाराच्या बाबतीत जर शंकेचा फायदा जवानाला मिळतो, तर हाडात रुतलेल्या लोखंडाच्या बाबतीत का मिळू नये?

तरीही सरकार भांडत राहिलं. अपंगत्व पेन्शनच्या टक्केवारीवरून सरकारने आपल्याच जवानांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिलांची रांग लावली होती. राम अवतार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात डिसेंबर २०१४ मध्ये ती फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी संरक्षणमंत्री असलेल्या गोव्याच्या मनोहर पर्रीकरांनी, ही कोर्टबाजी कमी कशी करायची हे सांगायला तज्ज्ञांची समिती नेमली. अपंग जवानांविरुद्ध अपिलं करण्याच्या सवयीवर त्या समितीने बोट ठेवलं. संरक्षणमंत्र्यालाच आपल्या खात्याची ही खोड मोडायला समिती नेमावी लागली, यातच सगळं आलं. त्यानंतरही कोर्टबाजी थांबलेली नाही.

मुदतीचं गणित तर आणखी मजेशीर आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा. अंतिम आदेशाविरुद्ध तिथे जायला साधारण सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर का झाला याचं कारण पटवून दिलं तर सवलत मिळते, पण पटवून द्यायचं ते सैनिकाने. अमेरिकेतही मेडल ऑफ ऑनरला वर्षांची मर्यादा आहे. जॉन्सनसाठी ती शिथिल करायला संसदेला वेगळी तरतूद करावी लागली. फाइल सत्तर वर्षं झोपली तरी तिला कुणी जाब विचारत नाही. माणूस सहा महिन्यांनी आला तर तो उशिरा आला!

महाराष्ट्राने याच वाटेने गेलेला एक माणूस जवळून पाहिला आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी त्यांचं शरीर कमरेखाली लुळं झालं. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकून आले, तेही विश्वविक्रमासह. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. पुढे त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी प्रयत्न केले तेव्हा नकार मिळाला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी सिनेमा आला आणि जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार खेळाचा, लष्कराचा नाही. पण साचा ओळखीचा आहे. सुवर्णपदक १९७२ मध्येही तेवढंच सोन्याचं होतं. नोंद सरकारकडेच होती. बावन्न वर्षांत कर्तृत्वात काहीच भर पडली नव्हती, आपलं लक्ष मात्र उशिरा गेलं. आणि ज्यांच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही, त्यांनी काय करायचं?

आता सुरुवातीच्या तीन वाक्यांकडे येऊ. खरा शूर पदक मागत नाही? शौर्यपदकाबद्दल हे एक वेळ मान्य करू. जखमेच्या नोंदीबद्दल ते लागूच होत नाही. पगाराची पावती मागणारा कामगार कमी कष्टाळू ठरत नाही. इतकी वर्षं कुठे होता? शेतात होता, वॉचमनच्या खुर्चीत होता, मुलींच्या लग्नाच्या कर्जात होता. असं काही पदक असतं आणि त्यासाठी अर्ज करता येतो, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता करणार काय? हा प्रश्न आपण जमिनीच्या सातबाऱ्याबद्दल विचारतो का? म्हाताऱ्याच्या नावावर चुकीने न लागलेली जमीन मरायच्या आधी नावावर लागावी, असं आपल्याला वाटतं. मग त्याचं रक्त त्याच्या नावावर लागायला नको?

एक आक्षेप मात्र खरा आहे. खोटे दावेदार असतात. न केलेल्या लढाईच्या गोष्टी सांगून, विकतची पदकं छातीला लावून फिरणारे जगभर आहेत. अशांनी त्यातून लाभ उकळू नये म्हणून अमेरिकेने २०१३ मध्ये कायदाही केला. म्हणून उशिरा आलेला प्रत्येक अर्ज डोळे मिटून मंजूर करा, असं मी म्हणणार नाही. प्रत्यक्ष जखमी झालेल्यांच्या पदकाची किंमत त्याने कमी होईल. तपासणी हवीच. पण तपासायचं म्हणजे सरकारने आधी आपलं कपाट उघडायचं. तुकडीची युद्धडायरी, इस्पितळाचं रजिस्टर, जखमींची यादी, सेवापुस्तक. हे सगळं धुंडाळून झालं आणि तिथे दाव्याच्या विरुद्ध काही सापडलं, तर अर्ज खुशाल फेटाळा. ‘आमच्याकडे नोंद नाही’ हे मात्र दाव्याविरुद्धचं कारण होऊ शकत नाही. नोंद नसणं हा नोंद ठेवणाऱ्याचा दोष आहे.

उशिराने केलेल्या सन्मानाचं काय होतं, तेही जॉन्सनच्याच बाबतीत दिसलं. २०२३ मध्ये अमेरिकेने लुइझियाना राज्यातल्या फोर्ट पोल्क या लष्करी तळाला त्याचं नाव दिलं. तळाचं आधीचं नाव गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचं होतं. २०२५ मध्ये सरकार बदललं आणि जॉन्सनचं नाव काढून तळ पुन्हा फोर्ट पोल्क झाला, या वेळी त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका जनरलच्या नावाने. पाटी लावणाऱ्याची मर्जी फिरली की पाटी उतरते. सरकारी दप्तरात वेळेवर, सरळ अक्षरात लिहिलेली जखमेची ओळ अशी उतरवता येत नाही. म्हणून मला सोहळ्यांपेक्षा ती ओळ महत्त्वाची वाटते.

तेव्हा मागणी साधी आहे. जखमेच्या नोंदीसाठी मुदतीची अट नसावी. अर्ज आला की पुरावा शोधायची पहिली जबाबदारी सरकारने घ्यावी आणि काय शोधलं ते अर्जदाराला लेखी कळवावं. नावाच्या स्पेलिंगवरून एकही अर्ज परत जाऊ नये. एक्स-रे आणि सोबत लढलेल्या साथीदाराची साक्ष पुरावा म्हणून धरावी. शंका उरली तर फायदा सैनिकाला द्यावा. आणि जे हयात आहेत त्यांचे अर्ज आधी निकाली काढावेत, कारण एकाहत्तरची लढाई लढलेला सगळ्यात तरुण जवानही आज सत्तरीच्या पुढे आहे.

आपल्या वाचकांकडेही एक मागणं आहे. तुमच्या मोहल्ल्यात, वाडीत, गावात असा कुणी माजी सैनिक असेल, तर येत्या पंधरा ऑगस्टला त्याला हार घालायच्या आधी त्याचं डिस्चार्ज बुक मागून घ्या. त्यातली जखमेची ओळ वाचा. ती नसेल, अर्धवट असेल, नाव चुकलेलं असेल, तर त्याच्यासोबत बसून अर्ज लिहा, त्याची प्रत ठेवा आणि पोच घ्या. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. पोच सांभाळून ठेवली तर ती त्याच्या नातवंडांच्या हातात राहील.